नाकाच्या आधाराची पुनर्रचना

बसलेले किंवा कापले गेलेले नाक उभे राहावे म्हणून त्याचा आतला आधार नव्याने घडवण्याची शस्त्रक्रिया. नाकाचा वरचा भाग हाडाचा, खालचा कूर्चेचा. मधला पडदा दोहोंना पेलतो. या विद्येच्या इतिहासात पुण्याचा मान मोठा आहे आणि तो रास्तच आहे. मात्र तिथे झाले ते कातडीचे काम होते, आधाराचे नव्हे.

इंग्रज फौजेत बैल हाकणारा कावसजी हा मराठा शेतकरी 1792 च्या युद्धात टिपूच्या हाती सापडला; त्याचे नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभराने पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याला नाक करून दिले. लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर 1794 मध्ये ती कृती छापली. मेणाचा पातळ पत्रा थोट्या नाकावर बसवून माप घ्यायचे, तो कपाळावर सपाट पसरून कड आखायची, तेवढी कातडी सोडवून भुवयांमधल्या चिंचोळ्या पट्टीवर वळवून खाली आणायची आणि काताने माखलेल्या चिंध्यांनी चिकटवायची. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे घालायचे. मला हे बोळे फार महत्त्वाचे वाटतात: कातडी आत आकसते, हे त्या कारागिराला पक्के ठाऊक होते. सुश्रुतसंहितेत नव्या नाकपुड्यांत घालायला सांगितलेल्या नळ्याही त्यासाठीच. कूर्चा बसवल्याचे मात्र कुठेच येत नाही. तरी ते नाक उत्तम दिसत होते, असा आक्षेप येईल. पण शेंडा कापला तरी वरची हाडे बहुधा शाबूत राहतात आणि नवी कातडी त्यांच्यावर टेकते.

कुष्ठरोगात नेमके उलटे घडते. जंतूला शरीराचा थंड भाग मानवतो. तो नाकाच्या आतले अस्तर आणि पडदा पोखरतो, बाहेरची कातडी मात्र जागेवर राहते. अशा बसक्या नाकाला कपाळाची कातडी काय कामाची? इंग्लंडमधले शल्यविशारद हॅरोल्ड गिलीज यांनी वरच्या ओठामागून शिरून व्रण सोडवण्याची आणि आत कातडीचे नवे अस्तर देण्याची पद्धत बसवली. त्यांचे शिष्य डॉ. नोशीर अंतिया यांनी पुण्याच्या कोंढव्यात आणि मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात कुष्ठरुग्णांचे चेहरे सावरले. औषधाने रोग बरा होतो, मग ही हौस कशाला, असे काही जण विचारतात. औषध जंतू मारते, झडलेला पडदा परत आणत नाही. आणि बरा झालेला माणूस गावच्या बाजारात उतरला की लोक त्याची औषधाची चिठ्ठी वाचत नाहीत, नाक पाहतात. शिवाय आधार ढासळला की श्वासाची वाटही चिंचोळी होते.

आज आधारासाठी पडद्याची, कानाची किंवा बरगडीची कूर्चा घेतात. बरगडीचा तुकडा एका बाजूने तासला तर कालांतराने वाकतो. म्हणून तो दोन्ही बाजूंनी सारखा तासून मधला गाभाच वापरतात.