अंबरनाथचा आकडा आणि अनोळखी तबकडी

अंबरनाथच्या शिवालयातील शिलालेख डॉ. भाऊ दाजींनी वाचला, तेव्हा शकाचा आकडा त्यांना ७८२ असा दिसला. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी, जे एके काळी त्यांचेच साहाय्यक होते, तो ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असा लावला. एका अंकाने दोन शतकांचा फरक! लेखातला शिलाहार राजा मामवाणि हा छित्तराजाचा भाऊ; आणि छित्तराजाचा भांडुपचा ताम्रपट शके ९४८ चा. ७८२ खरे मानले, तर हा भाऊ भावाच्या दीडशेहून अधिक वर्षे आधी राज्य करताना दिसेल.

चूक सुधारली, कारण दगड शाबूत होता. ७८२ समजून कोणी तेथे छिन्नी चालवली असती तर?

संगणकाच्या तबकडीपुढे हाच प्रश्न येतो. जीपीटी ही नवी विभागणी आखणाऱ्यांनी पहिल्या खणात मुद्दाम जुन्या पद्धतीचे कोष्टक ठेवले. त्यात सबंध तबकडी एकाच अनोळखी विभागाने व्यापलेली दिसते. जुन्या आज्ञावलीला नवी भाषा कळत नाही. पण जागा मोकळी नाही, एवढे कळते. लिनक्समधल्या एक्स्ट-२ रचनेचा विवेक आम्हांस याहून आवडतो. काही अपरिचित खुणा दिसल्या तरी चालते. काही दिसल्या तर वाचावे, लिहू नये. काही दिसल्या तर तबकडी उघडूच नये, नकार कळवावा.

याउलट, न ओळखलेली तबकडी जोडताच ‘फॉरमॅट करू का?’ असे विचारणारी खिडकी आपण उल्हासनगर-बदलापुरात घरोघर पाहिली आहे. श्रोतेहो, तेथे ‘हो’ म्हणणे म्हणजे ती छिन्नीच.