आउटबोर्ड इंजिन : शीतनदोष व निवारण

नावेच्या मागील फळीवर बसविलेल्या इंजिनाच्या जलशीतनातील बिघाड शोधून दुरुस्त करण्याची पद्धती.

उगम : ओले एव्हिनरूड यांचे आउटबोर्ड इंजिन अमेरिकेत १९०९ मध्ये विक्रीस आले.

वैशिष्ट्ये : पंख्याच्या वरील जाळीतून शिरलेले नदीचे पाणी रबरी चक्राचा पंप (→ पंप) सिलिंडरभोवती खेळवतो, त्याची बारीक धार बाहेर दिसते. धार मंदावल्यास इंजिन लगेच बंद करून जाळीतील गाळ-शेवाळ काढतात, धारेचे छिद्र तारेने मोकळे करतात. नंतर रबरी चक्र व थर्मोस्टॅट (→ तापनियंत्रण) तपासतात. पाण्याबाहेर चालवल्यास चक्र निकामी होते.

महत्त्व : पर्लकोटेच्या (→ इंद्रावती) पुराने भामरागडचा (जि. गडचिरोली) संपर्क तुटतो. अशा पुरात वापरायच्या मोटारबोटींची रबरी चक्रे वाळूमिश्रित पाण्याने लवकर झिजतात. त्यामुळे पावसाळ्यापूर्वीची तपासणी आवश्यक ठरते.