पोर वर, आपण खाली

हिरकणीची गोष्ट माहीत नाही असा मराठी माणूस विरळाच. गडावर दूध घालायला आलेली गवळण, तिन्हीसांजेला बंद झालेले रायगडाचे दरवाजे आणि घरी भुकेलं तान्हं. ती अंधारात कडा उतरून बाळाकडे गेली. या गोष्टीला कागदाचा पुरावा मागत बसू नये. हिरकणी बुरूज मात्र रायगडावर आजही दाखवतात, आणि ही गोष्ट सांगताना वर्ग चिडीचूप व्हायचा, हा माझा नोकरीभरचा अनुभव. आईनं मुलासाठी स्वतःचा जीव पणाला लावला, म्हणून ती टिकली.

हल्ली नातेवाईक मोबाइलवर जे व्हिडिओ पाठवतात, त्यांत काही वेळा ही गोष्ट उलटी झालेली दिसते. धरणाच्या कठड्यावर उभं केलेलं दोन वर्षांचं बाळ. धावत्या मोटरसायकलच्या टाकीवर बसवून हँडल हाती दिलेली चिमुरडी. कड्याच्या टोकाशी 'हस बघू' म्हणून मागे सरकवलेला मुलगा. आईबाप सुरक्षित, मूल टोकावर! खाली शंभर जणांचे अंगठे.

हा सगळा दोष मोबाइलवर ढकलून मोकळं होता येत नाही. पोराला उंच चढवून आपण खाली उभं राहण्याचा इतिहास जुना आहे. तो थोडा उलगडून पाहू.

सुरुवात आपल्या नगर जिल्ह्यापासूनच (आता अहिल्यानगर) करू. माझ्या पिढीनं आठवडे बाजारात डोंबाऱ्याचा खेळ पाहिलेला आहे. बांबूंच्या दोन कैच्या, मध्ये ताणलेली दोरी, खाली ढोल बडवणारा बाप आणि वर हातात आडवी काठी धरून चालणारी सहा-सात वर्षांची पोर. काठी लांब असली की तोल हळूहळू ढळतो आणि सावरायला क्षणभर जास्त मिळतो, हे शास्त्र त्या माणसांना कुठल्याही पुस्तकाविना ठाऊक होतं. दोरीवर मूलच का? एक तर ते हलकं असतं, आणि दुसरं म्हणजे लहान जीव वर दिसला की खाली जास्त नाणी पडतात. पाथर्डी तालुक्यातल्या मढीला कानिफनाथांच्या यात्रेत भटक्या जमाती आजही जमतात. त्यांतल्या कित्येकांचं पोट पिढ्यान्‌पिढ्या अशाच खेळांवर चाललं. बघे म्हणायचे, "काय निर्दयी बाप!" आणि दहा पैसे टाकून पुढे जायचे.

पुढे हाच खेळ तंबूत गेला. विष्णुपंत छत्रे यांनी १८८० साली मुंबईत आपली सर्कस उभी केली आणि सांगली-मिरज-तासगावचा भाग सर्कशींचं माहेरघर झाला. झोपाळ्यावर, तारेवर, माणसांच्या मनोऱ्यावर लहान मुलं ठरलेलीच. योगायोग असा, की त्याच्या आदल्याच वर्षी, १८७९ मध्ये, ब्रिटिश पार्लमेंटनं चौदा वर्षांखालच्या मुलांना जिवावरच्या कसरती करायला लावण्यास बंदी घालणारा कायदा केला होता. तो कायदा तिकडचा, तिकडच्या मुलांसाठी. आपल्याकडे सर्कशीत मुलांना कामाला ठेवण्यावर बंदी घाला, असं सर्वोच्च न्यायालयानं केंद्र सरकारला बजावलं ते २०११ साली. म्हणजे मधे एकशे बत्तीस वर्षं गेली.

आता दहीहंडीकडे येऊ. पूर्वी चाळीत चार-पाच थरांची हंडी असायची. पुढे राजकीय मंडळी आली, बक्षिसं लाखांत गेली आणि थर वाढत गेले. २०१२ साली ठाण्यात जोगेश्वरीच्या जय जवान पथकानं नऊ थर लावले. उंची ४३.७९ फूट, जागतिक विक्रम! २०२५ मध्ये ठाण्यातच दहा थर लागले. शेवटच्या थरावर हलकं कोणीतरी लागतं, आणि वर्षानुवर्षं ते कोणीतरी म्हणजे लहान मूल. एक साधं गणित करून पाहा. चाळीस फुटांवरून पडणारं मूल जमिनीशी येतं तेव्हा त्याचा वेग ताशी पन्नास किलोमीटरच्या पुढे असतो.

२०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं अठरा वर्षांखालच्यांना मनाई केली आणि उंची वीस फुटांवर आणली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथून परत आलं. अखेर २०१७ मध्ये, चौदा वर्षांखालच्या मुलांना चढवणार नाही अशी हमी सरकारनं दिली आणि उंचीची मर्यादा उठली. स्पेनमधल्या कॅटलोनियातही असेच मानवी मनोरे रचतात, आणि शिखरावर तिथेही मूलच असतं. २००६ मध्ये तिथे बारा वर्षांची एक मुलगी पडून गेली. त्यानंतर वरच्या मुलांच्या डोक्यावर शिरस्त्राण आलं. परंपरा बंद पडली नाही. फक्त मुलाच्या डोक्याची किंमत मान्य झाली.

आणि सुशिक्षितांचं काय? १९९६ साली अमेरिकेत जेसिका डुब्रॉफ नावाची सात वर्षांची मुलगी 'सर्वांत लहान वैमानिक' म्हणून देश ओलांडायला निघाली. सोबत वडील आणि प्रशिक्षक, मागे वार्ताहरांचा ताफा. शायेन गावाहून वादळी हवेत विमान उडालं आणि लगेच कोसळलं. तिघेही गेले. त्याच वर्षी तिथल्या काँग्रेसनं अशा विक्रमी उड्डाणांना बंदी घालणारा कायदा केला. त्या बापाला ना पोटाची भ्रांत होती, ना कुठला नवस फेडायचा होता.

मला खरा प्रश्न इथेच दिसतो. आपल्या २०१६च्या सुधारित बालमजुरी कायद्यात जाहिरात, सिनेमा, मालिका, खेळ यांत मुलांना कलाकार म्हणून काम करण्याची सवलत आहे, अटी पाळून. मात्र सर्कस वगळून! सर्कस वगळली हे योग्यच झालं. पण दोरीवरचं पोर आपल्याला क्रौर्य वाटतं आणि कठड्यावरचं आपलं बाळ 'धीट' वाटतं, याचं कारण धोक्यात नाही, बापाच्या कपड्यांत आहे. डोंबाऱ्याला निदान भाकरीचं कारण होतं.

याचा अर्थ मुलांना घरात कोंडा असा नव्हे. आपल्या अकोले तालुक्यातलं कळसूबाई, १६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर. बारी गावातून लोखंडी शिड्या चढत लहान मुलंही वर जातात, आणि जावीत. मूल आपल्या पायांनी चालतं, दमलं की सांगतं, आणि बाप म्हणतो, "चल बाळा, इथूनच परत फिरू." हे धाडसाचं शिक्षण. तेच मूल झोपलेलं असताना पाठीवर बांधून, धुक्यात, 'सर्वांत लहान गिर्यारोहक' या प्रमाणपत्रासाठी वर नेलं, तर ते सामान झालं. फरक उंचीचा नाही. मुलाला 'नको' म्हणता येतं का, आणि ते म्हटल्यावर मोठी माणसं थांबतात का, एवढाच आहे.

अडचण अशी, की मूल 'नको' म्हणतच नाही. आईबापांनी उचललं म्हणजे आपण सुरक्षित, इतका त्याचा विश्वास असतो. मग त्याच्या वतीनं 'नको' म्हणायचं कोणी? शेजारी उभ्या असलेल्या आजोबांनी, मावशीनं, फोटो पाहणाऱ्या आपण सर्वांनी. आमच्या घरातल्या नव्या आईबाबांनो, असला व्हिडिओ पाठवलात तर माझ्याकडून अंगठा येणार नाही, फोन येईल. रागावू नका.

डोंबाऱ्याचा खेळ नीट पाहिलेल्यांना एक गोष्ट आठवत असेल. ढोल वाजवताना त्या बापाची नजर पैशांवर नसे. पोर खाली उतरेपर्यंत ती दोरीवरच असे. मोबाइल धरलेल्या बापाची नजर पडद्यावर असते.