‘हें हॉलंड नव्हे!’

गेल्या कार्तिकांत आम्हीं आमची मोटार विकून टाकली आणि घरापासून महाविद्यालयापर्यंतची सहा किलोमीटरांची वाट सायकलीनें आक्रमूं लागलों. पन्नाशी उलटलेल्या मनुष्यानें असें कांहीं केलें म्हणजे आप्तेष्टांस प्रथम त्याच्या सांपत्तिक स्थितीविषयीं व नंतर त्याच्या डोक्याविषयीं शंका येऊं लागते. आमच्याही वांट्यास हा अनुभव आला. शेजाऱ्यांनीं सहानुभूति दाखविली, विद्यार्थी गालांतल्या गालांत हसले, आणि आमच्या एका विद्वान् स्नेह्यांनीं एकाच वाक्यांत सर्व प्रकरणाचा निकाल लावला : “प्रोफेसरसाहेब, हें पुणें आहे; हॉलंड नव्हे!”

हें वाक्य दिसावयास लहान असलें तरी त्याच्या पोटांत इतिहासाविषयींचा एक सिद्धान्त दडलेला आहे. तो असा कीं, कांहीं राष्ट्रें जात्याच सायकलीचीं असतात व कांहीं नसतात. हॉलंडची भूमि सपाट, हवा थंड, लोक काटकसरी, म्हणून तेथें सायकल टिकली. आमच्याकडे यांपैकीं कांहींच नसल्यामुळें ती गेली, आणि गेली ती कायमचीच. हा सिद्धान्त कितपत खरा आहे, हें थोडें तपासून पाहूं.

दुसऱ्या महायुद्धांतून हॉलंड सावरलें, १९५० नंतर लोकांच्या हातीं पैसा खेळूं लागला, आणि जी लाट पुढें आमच्याकडे आली तीच तेथें आधीं आली. मोटारी झपाट्यानें वाढल्या व सायकलीनें जाणारांचें प्रमाण घटत गेलें. शहरांतील जुने चौक मोटारी उभ्या करण्याचीं आवारें बनले. १९६५ सालीं ‘प्रोव्हो’ नामक तरुणांच्या मंडळानें ॲम्स्टरडॅममध्यें सर्वांस फुकट वापरतां येतील अशा पांढऱ्या सायकली रस्त्यावर ठेवल्या, तेव्हां त्या कुलपावांचून उभ्या केल्या म्हणून पोलिसांनीं जप्त केल्या. १९६७ सालीं डेव्हिड जोकिनेन या अमेरिकन नियोजनकारानें तर शहराच्या गाभ्यापर्यंत मोटारींचा महामार्ग नेण्याची योजना मांडली. ती अमलांत आली नाहीं. तथापि काळाचा ओघ कोणीकडे होता, हें तीवरून कळतें. याहूनही बोलकी गोष्ट म्हणजे, १८८३ सालीं सायकलस्वारांचा संघ म्हणून स्थापन झालेली तेथील मोठी संस्था कालान्तरानें मोटारवाल्यांची कैवारी होऊन बसली होती! या काळांत हॉलंडांत कोठें डोंगर उगवले, असें भूगोल सांगत नाहीं. भूमि पूर्वीइतकीच सपाट होती, आणि तरीही सायकल मागें पडत चालली होती.

मग ती परत आली कशी? या प्रश्नाचें उत्तर दुःखद आहे. १९७१ या एका वर्षांत त्या लहानशा देशांत सुमारे ३३०० माणसें रस्त्यांवरील अपघातांत मेलीं, आणि त्यांत चारशेंहून अधिक मुलें होतीं. त्याच वर्षीं फिक लांगेनहोफ या पत्रकाराची सहा वर्षांची मुलगी शाळेच्या वाटेवर मोटारीखालीं सांपडून मृत्यु पावली. १९७२ सालीं त्यांनीं आपल्या वृत्तपत्रांत एक जळजळीत लेख लिहिला. ‘बालहत्या थांबवा’ हा त्याचा मथळा, आणि हेंच त्यांतून निघालेल्या चळवळीचें नांव झालें. आईबाप मुलांस घेऊन रस्त्यांवर बसले. सायकलींचे मोर्चे निघाले. आजवर ज्यास ‘अपघात’ म्हणत, त्यास त्यांनीं दुसरें नांव दिलें, आणि नांव बदलतांच दैवाकडील जबाबदारी माणसांकडे आली.

इतक्यांत १९७३ च्या ऑक्टोबरांत अरब-इस्रायल युद्ध पेटलें व अरब राष्ट्रांनीं हॉलंडचें तेल तोडलें. ४ नोव्हेंबर १९७३ पासून सुमारे दोन महिने तेथें रविवारीं मोटार चालविण्यास बंदी होती. महामार्गांवर मुलें चाकांचे बूट घालून खेळलीं व कुटुंबेंच्या कुटुंबें सायकलींवरून हिंडलीं. परंतु हें विसरूं नये कीं, बंदी उठतांच मोटारी परत आल्या. टंचाईनें लोकांस मोकळा रस्ता कसा असतो हें दाखविलें. तो टिकविण्याचें सामर्थ्य तिच्यांत नव्हतें.

तें काम पुढील सावकाश उद्योगानें झालें. १९७५ च्या सुमारास सरकारच्या पैशानें टिलबर्ग व हेग या शहरांत सायकलीसाठीं नमुन्याचे स्वतंत्र मार्ग बांधले. त्यांस विरोधही झाला. कांहीं दुकानदारांस आपला धंदा बुडेल असें वाटलें. अनुभव असा आला कीं, एकच उत्तम मार्ग बांधल्यानें आसपासचे सायकलस्वार त्यावर येतात, पण नवे फारसे निर्माण होत नाहींत. म्हणून डेल्फ्टमध्यें पुढें सर्व शहरभर जाळें विणण्यांत आलें. आज त्या देशांत माणसांपेक्षां सायकली अधिक आहेत. तेथील लोकांनीं मोटारी टाकून दिल्या असें मात्र नव्हे. मोटार पुष्कळांच्या दाराशीं आहे. शाळेंत, मंडईंत, कचेरींत जातांना ते ती दाराशींच ठेवतात, इतकेंच.

आतां पुण्याकडे वळूं. आम्ही १९८० नंतरच्या दशकांत विद्यार्थी होतों, तेव्हां हें शहर सायकलींचें म्हणूनच प्रसिद्ध होतें. तासाच्या भाड्यानें सायकल देणारीं दुकानें पेठांपेठांतून होतीं, आणि दिव्यावांचून सायकल चालविणारास पोलिसानें हटकणें हा संध्याकाळचा नित्याचा देखावा होता. त्या वेळींही वैशाखांत ऊन पडे व आषाढांत पाऊस. हवेनें सायकल घालविली नाहीं; आम्हीं घालविली. प्रथम स्कूटर व पुढें मोटार घेऊन सायकल माळ्यावर टाकणारांत आम्हीही होतों, आणि प्रत्येक नव्या मोटारीबरोबर उरलेल्या सायकलस्वाराची वाट थोडी अधिक बिकट होत गेली.

परवां तास संपल्यावर एका विद्यार्थिनीनें आम्हांस विचारलें, “सर, मीही सायकलनें येऊं का? आई नको म्हणते.” इतके दिवस सायकलीचे गुण गाणाऱ्या आम्हांस ‘ये’ म्हणण्याचा धीर झाला नाहीं. ज्या चौकांत आमचा स्वतःचा हात ब्रेकवर थरथरतो, तेथें दुसऱ्याच्या लेकीस पाठविण्याचा आम्हांस अधिकार कोणता? एका प्रोफेसरानें मोटार विकल्यानें त्याची प्रकृति सुधारेल. रस्ता सुधारणार नाहीं.

तेव्हां आमच्या स्नेह्यांचें म्हणणें आम्ही मान्य करतों : हें हॉलंड नव्हे. परंतु १९७१ सालीं हॉलंडही आजचें हॉलंड नव्हतें. तेथील आईबापांनीं मुलांस घरांत कोंडून ठेवण्याऐवजीं रस्त्याविषयीं जाब विचारला, तेथून त्याचा आरंभ झाला. त्या विद्यार्थिनीच्या आईची भीति खरी आहे. ती भीति घेऊन तिनें, आम्हीं व आमच्या स्नेह्यांनींही रस्ते आंखणारांच्या दारीं जावें, एवढाच बोध या इतिहासांतून आम्ही घेतों.