प्लायवुडची पेटी आणि रक्ताची चिठ्ठी

कृत्रिम श्वासाच्या इतिहासात आपल्या ऑस्ट्रेलियाचाही मोठा वाटा आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. १९३७ साली मेलबर्नला पोलिओची मोठी साथ आली. बोस्टनच्या ड्रिंकर यांचे १९२८ सालचे ‘आयर्न लंग’ जड आणि महाग होते, म्हणून ॲडलेडच्या एडवर्ड बोथ यांनी प्लायवुडची पेटी तयार केली. डोके बाहेर, बाकी देह आत; पेटीतला दाब कमी झाला की छाती फुगते आणि हवा आत येते. पुढे लॉर्ड नफील्ड यांनी आपल्या मोटारींच्या कारखान्यात अशा सुमारे १७०० पेट्या बनवून ब्रिटिश साम्राज्यातल्या रुग्णालयांना फुकट दिल्या.

पण घसा लुळा पडलेल्या रोग्याची लाळ फुप्फुसात उतरे, त्यावर अशा यंत्रांकडे उपाय नव्हता. १९५२ साली कोपनहेगनच्या ब्लेगडॅम रुग्णालयात श्वसनयंत्रावर ठेवलेल्या पहिल्या ३१ रोग्यांपैकी २७ दगावले. त्यांच्या रक्तात बायकार्बोनेट वाढलेले दिसे, म्हणून डॉक्टर समजत की रक्त अल्कधर्मी झाले आहे. भूलतज्ज्ञ ब्यर्न इब्सेन यांनी तोच आकडा वेगळा वाचला. श्वास अपुरा पडून कार्बन डायऑक्साइड साठला आहे, रक्त उलट आम्ल झाले आहे, असे त्यांचे म्हणणे. २७ ऑगस्टला त्यांनी एका १२ वर्षांच्या मुलीच्या गळ्याला छेद देऊन नळी घातली, लाळ ओढून काढली आणि पिशवी दाबून हवा आत ढकलली. कार्बन डायऑक्साइड उतरला, मुलगी वाचली. मग सुमारे १५०० विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, रात्रंदिवस, हातांनी पिशव्या दाबल्या!

मी इथे आयसीयूत परिचारिका आहे. धमनीतल्या रक्ताची चिठ्ठी हाती आली की मी आधी पीएच पाहते (७.३५ ते ७.४५ ठीक), मग कार्बन डायऑक्साइड (३५ ते ४५), शेवटी बायकार्बोनेट. समजा, दोघांचा कार्बन डायऑक्साइड ६० आहे. एकाचा पीएच ७.२६ आणि बायकार्बोनेट २६. त्याचा श्वास आत्ताच अपुरा पडला आहे, डॉक्टरांना लगेच हाक मारायची. दुसरे आजोबा जन्मभर विड्या ओढलेले. बायकार्बोनेट ३४, पीएच ७.३७. त्यांच्या मूत्रपिंडांनी बरीच वर्षे खपून हा तोल सांभाळलेला असतो. ‘नॉर्मल’च्या हट्टाने यंत्राचे श्वास वाढवून कार्बन डायऑक्साइड झटकन ४० वर आणला, तर त्यांचा पीएच ७.५५ पर्यंत चढेल, आणि त्याने हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून अशा रोग्याची जुनी चिठ्ठी मी आधी शोधून काढते.