स्टार्टअपचं पिच कसं करायचं? नवीन फाउंडरसाठी सोपी माहिती



ॲप बनवणं आता पूर्वीइतकं अवघड राहिलेलं नाही. ते कुणासाठी आणि कशासाठी आहे हे समोरच्याला दोन मिनिटांत पटवणं मात्र अजूनही अवघड आहे. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि छोट्या स्टार्टअप्समध्ये काम करताना बरेच डेमो जवळून बघितले आहेत. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत आम्हाला कोड लिहायला शिकवलं, पण बनवलेली गोष्ट मांडायची कशी, हे कुठल्याच सेमिस्टरला नव्हतं. म्हणून हा लेख.

पिच म्हणजे काय?

आपलं स्टार्टअप थोडक्यात मांडणं म्हणजे पिच. त्यासाठी बनवलेल्या स्लाइड्सना पिच डेक म्हणतात. समोर गुंतवणूकदार असेल, पहिला ग्राहक असेल, किंवा चालू नोकरी सोडून तुमच्याकडे येऊ पाहणारा मित्र असेल.

माझ्या मते चांगल्या पिचची कसोटी एकच. तुम्ही निघून गेल्यावर ऐकणाऱ्याला ते दुसऱ्या कुणाला तरी एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. गुंतवणूकदार आपल्या भागीदाराला सांगतो, मित्र घरी आई-बाबांना सांगतो. तिथे समजावून द्यायला तुम्ही नसता.

१. आधी अडचण, मग ॲप

'शार्क टँक इंडिया'च्या पहिल्या सीझनमधले मालेगाव तालुक्याचे कमलेश घुमरे आठवतात का? फवारणीचा पंप पाठीवर घेतला की शेतकऱ्याला किती त्रास होतो, हे त्यांनी दाखवलं आणि मग आपली फवारणीची गाडी पुढे आणली. पियूष बन्सल यांनी ४० टक्के हिश्श्यासाठी १० लाख रुपये आणि शिवाय २० लाखांचं बिनव्याजी कर्ज द्यायचं ठरवलं. लोकांच्या लक्षात काय राहिलं? पाठीवरचं ओझं. अडचण डोळ्यांसमोर आली की उपाय समजवायला वेळ लागत नाही.

२. एक वाक्य तयार करा

प्ले स्टोअरवर ॲपच्या छोट्या वर्णनाला ८० अक्षरांची मर्यादा असते. तीच मर्यादा स्वतःला लावा. समजा, तुमचं ॲप मेसवाल्यांसाठी आहे.

नको: 'एआय बेस्ड नेक्स्ट जनरेशन फूड मॅनेजमेंट प्लॅटफॉर्म.'
हवं: 'मेसच्या डब्याचा महिन्याचा हिशोब, खाडे धरून, मोबाईलवर.'

दुसरं वाक्य मेसच्या काकूंनाही समजतं आणि गुंतवणूकदारालाही.

३. सांगण्यापेक्षा दाखवा

ड्रॉपबॉक्स अजून सगळ्यांसाठी खुलं झालेलं नव्हतं, तेव्हा २००८ मध्ये ड्रू ह्यूस्टन यांनी साधारण तीन मिनिटांचा डेमो व्हिडिओ टाकला. स्क्रीनवर वापर दाखवत ते फक्त बोलत होते. वेटिंग लिस्ट एका रात्रीत ५,००० वरून ७५,००० वर गेली, असं त्यांनी स्वतः सांगितलं आहे.

तुमच्याकडे स्मार्टफोन आहे, त्यात स्क्रीन रेकॉर्डर आहे. एवढं पुरतं. लाइव्ह डेमो देणार असाल तरी रेकॉर्डिंग फोनमध्ये ठेवाच. नेट ऐनवेळी दगा देतं.

४. डेक छोटा ठेवा

गाय कावासाकी यांचा १०-२०-३० नियम प्रसिद्ध आहे: १० स्लाइड्स, २० मिनिटं आणि किमान ३० पॉइंटचा फॉन्ट. क्रम साधा ठेवा: अडचण, उपाय, डेमो, ग्राहक कोण, पैसे कसे मिळणार, स्पर्धक, टीम, आजवरचे आकडे आणि शेवटी तुम्हाला काय हवंय. शेवटचा मुद्दा बरेच जण गाळतात. पैसे हवेत, ग्राहक हवेत की ओळख हवी, ते स्पष्ट बोला.

५. आकडे फुगवू नका

डाउनलोड किती झाले, यापेक्षा पुढच्या आठवड्यात किती जण परत आले, हे महत्त्वाचं. २०० डाउनलोड आणि रोज वापरणारे ३० जण असतील तर दोन्ही आकडे सांगा. ३० लहान वाटेल, पण तो खरा आहे. तुमच्या शब्दावर कुणीतरी साठवलेले पैसे लावणार असतं, कुणी पगाराची नोकरी सोडणार असतं. पिच जमलं नाही तर पुन्हा करता येतं, पण एकदा गेलेला विश्वास परत मिळवणं फार कठीण असतं.

६. प्रसिद्धी: जाहिरात शेवटी

ड्रॉपबॉक्सने जाहिराती करून पाहिल्या. ९९ डॉलरच्या प्लॅनसाठी एक ग्राहक मिळवायला २३३ ते ३८८ डॉलर जात होते. हिशोब जुळणारच नव्हता. मग त्यांनी मित्राला बोलावणाऱ्याला आणि येणाऱ्याला, दोघांनाही जादा जागा फुकट दिली. वापरणाऱ्यांनीच प्रसिद्धी केली.

तुम्हीही सुरुवातीचे ग्राहक एकेक करून मिळवा. मेसचं ॲप असेल तर दहा मेसमध्ये जा, समोर बसून ॲप सुरू करून द्या आणि ते कुठे अडखळतात ते बघा. त्यांनी वापरलेले शब्दच पुढे तुमच्या पिचमध्ये घ्या.

आजपासून काय कराल?

तुमचं एक वाक्य घरातल्या अशा माणसाला सांगा, ज्याचा टेक्नॉलॉजीशी फारसा संबंध नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना विचारा, 'मी काय बनवतोय?' उत्तर बरोबर आलं तर डेक बनवायला घ्या. नाही आलं तर वाक्य बदला आणि पुन्हा सांगा.