यकृताच्या कर्करोगावर किरणोपचार : आधी नकाशा, मग मारा

यकृताच्या कर्करोगावर किरणोपचार हा अनेक वर्षे टाळण्याचाच उपाय मानला जात असे. किरणांनी गाठ मरत नाही, हे त्याचे कारण नव्हते. गाठीभोवतीचे यकृतच किरणांपुढे लवकर हार मानते, ही खरी अडचण होती. रोज थोडी थोडी करून संपूर्ण यकृताला सुमारे ३० ग्रे इतकी मात्रा मिळाली, की ते निकामी होण्याचा धोका दिसू लागतो. गाठ नष्ट करण्यासाठी मात्र बहुधा याहून बरीच अधिक मात्रा लागते. ही इजा लगेच कळत नाही. उपचार संपल्यावर काही आठवड्यांनी पोटात पाणी साठू लागते, यकृत सुजते आणि त्यावर खात्रीचे औषध नाही.

त्यातही हा कर्करोग निरोगी यकृतात क्वचितच उद्भवतो. हिपॅटायटिस बी किंवा सी, मद्यपान अथवा यकृतातील चरबी यांमुळे सिरॉसिस झालेल्या यकृतातच तो बहुधा मूळ धरतो. म्हणजे रुग्णाकडे यकृताची शिल्लक मुळातच थोडी असते. गाठ गेली आणि यकृतही गेले, तर उपचाराला अर्थ उरत नाही.

अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातील तज्ज्ञांनी १९९०च्या दशकात सीटी स्कॅनवरून यकृताचे त्रिमितीय चित्र तयार करून किरणांची आखणी केली. यकृताचा पुरेसा भाग किरणांपासून दूर ठेवता आला, तर उरलेल्या भागाला कितीतरी जास्त मात्रा देता येते, हे त्यातून स्पष्ट झाले. काही रुग्णांत ती ९० ग्रेपर्यंत नेण्यात आली. तेव्हापासून प्रश्न ‘किती मात्रा’ एवढाच न राहता ‘कुठे किती मात्रा’ असा झाला.

पहिले काम गाठीची कड ओळखण्याचे. साध्या सीटीत ती अनेकदा धड दिसतही नाही. यकृताला बहुतांश रक्त पोर्टल शिरेतून मिळते, गाठीला मात्र मुख्यतः धमनीतून. त्यामुळे शिरेत औषध टोचल्यावर काही सेकंदांनी गाठ उजळते आणि नंतर सभोवतालच्या यकृतापेक्षा फिकी पडते. म्हणूनच सीटी किंवा एमआरआयची छायाचित्रे वेगवेगळ्या क्षणी घ्यावी लागतात.

दुसरी अडचण श्वासाची. प्रत्येक श्वासाबरोबर यकृत एक ते दोन सेंटीमीटर खालीवर सरकते. हे सरकणे मोजले नाही, तर गाठ निसटू नये म्हणून भोवती रुंद पट्टा धरावा लागतो, आणि तो पट्टा बहुतांशी यकृताचाच असतो. पाच सेंटीमीटर व्यासाच्या गोल गाठीभोवती एक सेंटीमीटरचा पट्टा धरला, तर माऱ्याखालचे आकारमान ६५ घनसेंटीमीटरवरून सुमारे १८० वर जाते! श्वासाच्या प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे देणारा चतुर्मितीय सीटी, पोटावर दाब देणारा पट्टा, श्वास रोखून धरणे किंवा गाठीजवळ खुणेसाठी बसवलेले सोन्याचे बारीक कण, ही सारी खटपट हा पट्टा अरुंद करण्यासाठी असते.

तिसरा प्रश्न अधिक रोचक आहे. वरील सर्व आखणीत यकृताचा प्रत्येक घनसेंटीमीटर सारखाच धरला जातो. सिरॉसिसमध्ये तसे नसते. एक भाग काम करीत असतो, तर दुसरा केवळ चामट जखमेच्या वणासारखा उरलेला असतो. यकृताच्या पेशीच शोषून घेतात असे गॅडॉक्सेटेट हे औषध देऊन केलेला एमआरआय, पोर्टल शिरेतील रक्तप्रवाह मोजणारा एमआरआय किंवा किरणोत्सारी टेक्नेशियम वापरून केलेला स्पेक्ट स्कॅन कामाचा भाग वेगळा दाखवतो. मग किरणांची वाट निकामी भागातून काढता येते आणि चालते यकृत वाचवता येते. ही पद्धत अद्याप सर्वत्र नेहमीची झालेली नाही. रुग्ण त्यामुळे अधिक काळ जगतो, हे मोठ्या तुलनात्मक चाचण्यांतून सिद्ध व्हायचे आहे.

उपचारादरम्यान यकृत किती सोसते आहे, हे तपासण्याचा मार्गही मिशिगनमध्येच चोखाळण्यात आला. पाचपैकी तीन मात्रा दिल्यावर महिनाभर थांबून हिरव्या रंगद्रव्याच्या चाचणीने यकृताची क्षमता मोजली गेली आणि त्यानुसार उरलेल्या दोन मात्रा ठरवण्यात आल्या. ही चाचणी छायाचित्राची नव्हे, रक्ताची. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात यकृताला इजा होण्याचा धोका अधिक असलेले ९० रुग्ण होते. उपचार केलेली गाठ आटोक्यात राहण्याचे प्रमाण एका वर्षानंतर ९९ टक्के, तर दोन वर्षांनंतर ९५ टक्के आढळले.

हातात आधीचा स्कॅन असताना पुन्हा स्कॅन कशाला, असे रुग्णाचे नातेवाईक हमखास विचारतात. निदानाचा स्कॅन गाठ आहे की नाही, हे सांगतो. आखणीचा स्कॅन मात्र उपचाराच्या वेळी असेल तशाच सपाट पाटावर, हात डोक्यावर घेऊन, त्याच श्वासाच्या स्थितीत काढलेला लागतो. पोट रिकामे की भरलेले, यानेही यकृताचा आकार आणि जागा थोडी बदलते. त्यामुळे स्कॅनच्या आधी किती तास उपाशी राहायचे, याबाबत मिळालेली सूचना नंतर प्रत्येक उपचाराच्या दिवशीही पाळावी लागते.